अर्धा किलो मीठ आणि लाओसचा महादेव

तीस वर्षं मी पनवेलच्या एका शाळेत भूगोल शिकवला. 'लाओस हा चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला देश आहे. त्याला समुद्र नाही, म्हणून तिथे मीठ होत नाही,' हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत असे आणि मुलं मुकाट्याने उतरवून घेत असत. या जानेवारीत पाठीवर सॅक टाकून मी स्वतः त्या देशात जाऊन आलो. परत येऊन पंधरा दिवस झाले, तरी मी अजून सावरलेलो नाही. त्या सगळ्या विद्यार्थ्यांची आधी माफी मागतो आणि मग काय झालं ते सांगतो.

पनवेल

सहल कंपनीबरोबर जायचं नाही हे माझं आधीपासून ठरलेलं होतं. एकदा गेलो होतो. झेंडा धरलेला एक माणूस पुढे आणि आम्ही चाळीसजण मागे, कुठेही उभं राहिलं की 'चला, दहा मिनिटं झाली.' माझं डोकंच फिरलं होतं. म्हणून या वेळी बेत माझा मी आखला. बँकॉकपर्यंत विमान, तिथून आगगाडीने उबोन, मग रस्त्याने सरहद्द ओलांडून लाओस, आणि लाओसमध्ये मेकाँग नदीकाठी चंपासक नावाचं गाव. त्या गावाबाहेर डोंगराच्या पायथ्यापासून वर चढत गेलेलं एक पडकं देऊळ आहे, वाट फू. हजार वर्षांपूर्वी ख्मेर राजांच्या राज्यातलं ते शंकराचं देऊळ होतं. पुस्तकात त्याचा फोटो पाहिल्यापासून मला ते बघायचंच होतं.

माझी बायको सुमन माहेरची उरणची. तिने फोटो पाहिला आणि म्हणाली, "येवढ्या लांब पडका देऊल बघाला जायाचा? आपल्याकडं काय देवलं पडाची थांबलीत?" पण सॅक आणल्या तेव्हा माझ्याआधी तिनेच पाठीला लावून बघितली. महिनाभर दर रविवारी आम्ही प्रत्येकी सात किलो तांदूळ सॅकमध्ये भरून कर्नाळ्याला चढत होतो. माकडांना तांदळाचा वास लागला तेव्हा तो उपक्रम थांबला.

निघायच्या आदल्या दिवशी आबा, म्हणजे माझे वडील, स्वयंपाकघरात आले. वय शहाऐंशी. हातात चिनी मातीची बरणी होती आणि ती बघून सुमनने हातातलं लाटणं खाली ठेवलं. त्या बरणीला हात लावायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती.

त्या बरणीचं असं आहे. आमचं मूळ गाव खाडीकाठी, आणि आबांचा सगळा जन्म मिठागरात गेला. दर वर्षी नवं मीठ धरलं की पहिली मूठ गावच्या महादेवाच्या पिंडीवर. त्याआधी एक खडाही घरात येत नसे. सात वर्षांपूर्वी प्रकल्पात गाव उठलं, मिठागरावर भराव पडला, देऊळ उतरवलं. नव्या वसाहतीत नवं देऊळ झालं, चकचकीत टायली, आत ट्यूबलाइट, आणि जुनी पिंडी नेऊन तिथे बसवली. सगळं गाव तिथे जातं. आबा एकदाही गेले नाहीत. 'देव जाग्यावरना उटवलाय त्यांनी. त्या टायलींवर मी मीठ नाय ठेवनार,' एवढंच बोलायचे. शेवटच्या हंगामातलं मीठ, ज्यातली पहिली मूठ देवाला पोचलीच नाही, ते या बरणीत होतं.

"तुमच्या त्या देवलाला छप्पर नाय म्हंतंस?" आबांनी विचारलं.

"नाही आबा. पडकंच आहे."

"पन जाग्यावर हाय ना?"

"हो. हजार वर्षं तिथेच आहे."

आबांनी बरणी पुढे केली. "मंग ह्ये ने. पयली मूठ पिंडीवर ठेव. ठेवलंस का मना फोन कर."

सात वर्षांत त्यांनी ती बरणी कोणाच्या हातात दिली नव्हती. आता ते ओट्याला धरून उभे होते आणि मी हो म्हणेपर्यंत हलले नाहीत. मी हो म्हणालो. त्यांना आणखी किती शिवरात्री मिळणार होत्या? हे काम माझ्या हातून चुकता कामा नये, या विचाराने मला रात्रभर नीट झोप लागली नाही.

उबोन

उबोनच्या बाजारात पहिला धक्का बसला. पितळेच्या ताटांत तळलेले नाकतोडे, रेशमाचे किडे आणि आणखी काहीतरी, ज्याला पाय होते. मी शहारलो. सुमन वाकून निरखत होती. "सुकाटासारकंच दिसतंय," म्हणाली आणि एक तोंडात टाकलाही.

जेवायला बांबूच्या टोपलीत चिकट भात येतो. तो हाताने वळायचा आणि कालवणात बुडवायचा. आपण तांदळाची भाकरी मोडतो तसं. पपईच्या कोशिंबिरीत मात्र मासा कुजवून केलेलं पाणी घालतात आणि त्या वासाने माझं डोकं उठलं. मी नाकाला रुमाल लावला तशी सुमनने मला फैलावर घेतलं.

"घरी जवल्याची चटनी करते तवा शेजारचे काय करतात म्हाईत हाय? खिरक्या लावतात. खावा गुमान."

खाल्लं. दुसऱ्यांदा मागूनही घेतलं, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

चोंग मेकची सरहद्द

थायलंडच्या बाजूला पासपोर्टवर शिक्का घ्यायचा, एका भुयारी वाटेने चालत पलीकडे निघायचं, की आलं लाओस. एवढी सोपी सरहद्द असते याचंच मला आश्चर्य वाटत होतं. पलीकडे व्हिसाच्या खिडकीवर फॉर्म भरला. अधिकाऱ्याने फोटो मागितले. फोटो सुमनच्या सॅकच्या बाजूच्या कप्प्यात होते. तिने कप्प्यात हात घातला, पाकीट ओढलं आणि पाकिटाबरोबर पाच छोट्या प्लास्टिकच्या पुड्या काउंटरवर येऊन पडल्या.

पांढरे, किंचित करडे, चमकणारे खडे. चेन लावायच्या पारदर्शक पिशव्या. पाच.

मी सुमनकडे बघितलं. मीठ एका डब्यात आहे अशी माझी समजूत होती.

"डबा सांडला असता तं?" ती म्हणाली. "म्हनून वायलं वायलं बांधलं. एक फुटली तरी चार राहतील."

बारशाला, हळदीला आमच्या घरच्या बायका वाटायचं सामान असंच बांधतात. त्या सवयीने तिने आबांचं मीठ बांधलं होतं, आणि ते घेऊन आम्ही जगातल्या अशा कोपऱ्यात उभे होतो जिथे पांढऱ्या खड्यांच्या पुड्या म्हणजे एकच गोष्ट. विमानतळावर अमली पदार्थांविरुद्ध लावलेल्या पाट्या मला आठवल्या. त्यावर शिक्षा लिहिलेली होती.

खिडकीतल्या माणसाने आमचे पासपोर्ट उचलले आणि फोन केला. दोन मिनिटांत तीन गणवेशवाले आले. मी 'सॉल्ट, सॉल्ट' म्हणत होतो आणि ते कान देत नव्हते. त्या भानगडीत सुमनने एक पुडी उघडली, त्यातला खडा तोंडात टाकला आणि कडाकडा चावला. मीठच आहे हे दाखवायला. तिथे एकदम आरडाओरडा झाला. एकाने तिचा हात धरला, दुसऱ्याने पुडी हिसकावली आणि थोडं मीठ फरशीवर सांडलं.

"हात सोर!" सुमन त्याच्यावर ओरडली. "माज्या सासऱ्याचा मीठ हाय त्यो!"

त्याने खरोखर हात सोडला. छत्तीस वर्षं संसार करून मी त्या बाईला ओळखत नव्हतो, असं मला त्या क्षणी वाटलं.

आम्हाला बाकावर बसवलं. आमची पुढची गाडी आमच्यासमोर निघून गेली. पुड्या आतल्या खोलीत गेल्या. मी आबांना काय सांगायचं ते जुळवत होतो. तुरुंगाची भीती होतीच, पण खरं सांगतो, मीठ गेलं ही भीती तिच्याहून मोठी होती. त्या मिठागरावर आता रस्ते झाले आहेत. दुसरं मीठ आणणार कुठून? सुमन मात्र फरशीवरचे खडे वेचून रुमालात बांधत बसली होती.

तासाभराने एक वयस्कर अधिकारी बाहेर आला आणि त्याने चार पुड्या बाकावर ठेवल्या. त्याच्या हातात उघडी पुडी होती. बाटलीतल्या औषधाचा थेंब टाकून त्यांनी तपासणी केली असावी. त्याने आमच्यासमोर बोट ओलं केलं, खड्याला लावलं, जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. मग मोबाइलमध्ये काहीतरी बोलला आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. भाषांतर हिंदीत आलं होतं: 'यह समुद्र का नमक है। मेरी माँ नमक बनाती है।'

मी तरीही मास्तर. मी मोबाइलमध्ये बोललो, तुमच्या देशाला समुद्र नाही. तो हसला आणि मोबाइलमधला एक फोटो उघडून दाखवला. झोपडीत मोठमोठ्या लोखंडी कढया, खाली लाकडं पेटलेली, वाफेत एक म्हातारी फावड्याने पांढरंशुभ्र मीठ ओढते आहे. बाजूला विहीर. त्याने विहिरीवर बोट ठेवलं. जमिनीच्या पोटात मीठ आहे, त्यातून खारं पाणी वर काढतात आणि आटवतात. किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर. मी फोटोकडे बघतच राहिलो. तीस वर्षांचा फळा माझ्या डोळ्यांसमोरून पुसला जात होता.

सुमनने म्हातारीचा फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. "बाई फावरा बराबर धरते," म्हणाली, आणि पाचांतली एक पुडी उचलून त्याच्या हातात दिली. "आईला द्या." हे भाषांतर न करता त्याला कळलं. त्याने पुडी दोन्ही हातांत घेऊन कपाळाशी नेली. पासपोर्टवर शिक्के बसले. उरलेलं मीठ त्याने स्वतः एका जाड पिशवीत घातलं आणि वर लाओ भाषेत मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहून दिलं. 'मीठ' असंच असावं.

चंपासक

सरहद्दीच्या अलीकडे गाड्या आपल्यासारख्या डावीकडून, पलीकडे उजवीकडून. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तरी चंपासकला भाड्याच्या सायकलवर बसलो आणि पहिल्याच वळणावर एका टेम्पोच्या समोर गेलो. टेम्पोवाला थांबला, ओरडला नाही, नुसता हसला. कळंबोलीच्या नाक्यावर मी असं केलं असतं तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता.

मेकाँग बघून सुमनने सायकल तिथेच टेकवली. नदी एवढी रुंद की पलीकडची झाडं निळसर दिसत होती. एक कोळी होडीतून जाळं फेकत होता. ती काठावर बसून अर्धा तास त्याचा हात बघत राहिली आणि मग निकाल दिला: "जाला बारीक हाय. पिल्लं बी येतात. असा नाय कराचा."

वाट फू

सकाळी सायकलने निघालो. लांबून डोंगर दिसला आणि त्याच्या माथ्यावर नैसर्गिक सुळका. जुने लोक त्या सुळक्यालाच लिंग मानत. खाली दोन मोठे तलाव, मधून सरळ जाणारी दगडी वाट, दोन्ही बाजूंना कमळाच्या कळीसारखे खांब. पुढे दोन ढासळत्या इमारती. खिडक्यांना दगडी गज आणि ते लाकडी गजांसारखे कातलेले. मी प्रत्येक दगडाला हात लावत होतो. वर जाणाऱ्या पायऱ्या उभ्या, झिजलेल्या, आणि दोन्हीकडे म्हातारा चाफा. आपला देवळातला पांढरा चाफा, खोडं वाकलेली, पायऱ्यांवर फुलांचा खच. सुमन एक एक फूल वेचून ओच्यात टाकत चढत होती. "पिंडीला व्हतील," म्हणाली. सॅकमध्ये मिठाची पिशवी होती. आबांना फोन लावताना काय बोलायचं ते मी मनात ठरवून टाकलं होतं.

वर पोचलो. गाभाऱ्याच्या दारावर ऐरावतावर बसलेला इंद्र कोरलेला. वाकून आत गेलो.

आत पिंडी नव्हती.

आत बुद्ध होते. भगवं वस्त्र पांघरलेले, समोर उदबत्त्या, केळीच्या पानांच्या द्रोणांत झेंडूची फुलं. मी मूर्तीच्या मागे बघितलं, कोपऱ्यांत बघितलं, बाहेर येऊन देवळाला पूर्ण फेरी मारली. मागच्या कड्याखाली झरा आहे. त्याचं पाणी पूर्वी दगडी पन्हाळीने आत येऊन लिंगावर अखंड पडत असे. झरा वाहत होता. लोक बाटल्या भरत होते. लिंग कुठेच नव्हतं. पुस्तकात हे लिहिलेलं असणार आणि मी ते वाचलंही असणार. पण आबांनी 'जाग्यावर हाय ना' विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर देऊळ होतं आणि मी हो म्हणून गेलो होतो.

द्रोण वळत बसलेल्या एका आजीला सुमनने हातांनी पिंडीचा आकार करून दाखवला. आजीने हात झटकले. गेला. कधी, कुठे, कोणी नेला, तिला ठाऊक नव्हतं. मी एका खडकावर मटकन बसलो. त्या खडकात मगर कोरलेली आहे आणि त्यात माणसाचा बळी देत असं सांगतात, हे मला नंतर कळलं. त्या वेळी कळलं असतं तरी मी उठलो नसतो.

"झऱ्यावर ठेवू," मी म्हणालो. "ते पाणी शंकराचंच. नाहीतर वरच्या सुळक्यासमोर. आबांना सांगू, ठेवलं म्हणून."

"सुलका तुमच्या पुस्तकात. आबा पिंडी बोल्ले."

"अगं, त्यांना काय दिसणार आहे? म्हाताऱ्या माणसाला वाईट कशाला वाटू द्यायचं?"

सुमनने ओच्यातली फुलं आजीच्या टोपलीत ओतली आणि माझ्याकडे बघितलं. "त्या मिठासाठी मी पोलिसावर वरडले. आता खोटं बोलाला?"

मी फोन लावला. घरी आमच्या सुनेने तो आबांच्या तोंडासमोर धरला. आबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तयार बसले होते. मी कॅमेरा फिरवून त्यांना सगळं दाखवलं. पायऱ्या, चाफा, दार, आतले बुद्ध, झरा.

"पिंडी कुटं हाय?" आबा म्हणाले.

"पिंडी नाही, आबा. देऊळ जागेवर आहे, पण देव नाही. कोणीतरी नेला. कुठे नेला, कोणालाच माहीत नाही."

आबांचा आवाज अगदी बारीक झाला.

"सापरला नाय? कवाच?"

"नाही, आबा."

"लोकांनी शोदला नाय?"

आबांनी नातसुनेला फोन बाजूला घ्यायला सांगितलं, मग परत जवळ घेतला. "मीठ परत आन," म्हणाले. फोन बंद झाला.

आम्ही उतरलो. पुढचे चार दिवस आम्ही आणखीही काय काय बघितलं, धबधबे बघितले, नदीतलं एक बेट बघितलं, आणि मला त्यातलं फारसं आठवत नाही. मी आबांचं काम बिघडवून आलो होतो. सरहद्दीवर परत येताना तो वयस्कर अधिकारी दिसला नाही. मिठाच्या पिशवीवरची अक्षरं वाचून दुसऱ्याने आम्हाला हसून सोडलं.

पुन्हा पनवेल

घरी पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. आबा दारात उभे. प्रवास कसा झाला, काय खाल्लं, काही विचारलं नाही. हात पुढे केला. मी पिशवी दिली. त्यांनी वरची अक्षरं बघितली, वजन हातात तोललं आणि चपला घातल्या.

"कुठे निघालात?"

"रिक्षा बोलव. वसाहतीत जायाचा हाय."

मी सुमनकडे बघितलं. तिने सॅकही उतरवली नव्हती. तशीच मागे वळली आणि रिक्षा थांबवायला खाली गेली.

नव्या देवळाच्या पायरीशी आबांनी माझा आधार घेतला नाही. टायलींवर जपून पावलं टाकत ते आत गेले. सात वर्षांत पहिल्यांदा. पिंडीसमोर खाली बसायला त्यांना फार वेळ लागला. मग त्यांनी पिंडीवरून हात फिरवला, मागच्या बाजूला बोटांनी काहीतरी चाचपलं. लहानपणी तिथे एक टवका उडालेला मीही पाहिला होता. तो त्यांना सापडला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. पुजारी घाईने पुढे आला, म्हणाला, आजोबा, मीठ नको, पिंडीभोवतीच्या चांदीच्या पत्र्याला डाग पडतात. सुमनने त्याला फक्त "गप" म्हटलं आणि तो गप्प झाला.

आबांनी मूठ भरली, पिंडीवर ठेवली आणि हात जोडले.

"तू हितंच व्हतास," ते म्हणाले. "मीच आलो नाय. चुकलो."

माझे वडील गावात कोणापुढे नमले नाहीत. ज्या दिवशी मिठागर गेलं त्या दिवशीही ते ताठ चालत घरी आले होते. 'चुकलो' हा शब्द त्यांच्या तोंडून मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. मी दारातच थिजून उभा राहिलो आणि मला आत जायचंही सुचलं नाही.